पाय थांबतात त्याआधी

मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतराच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ येतो तो 35 किलोमीटर संपल्यानंतर. एरवी गाडीतून जाताना हा चढ जाणवतही नाही. जानेवारीतल्या त्या रविवारी मात्र तिथे ओळीने माणसं चालताना दिसतात. पोटऱ्यांत गोळे आलेले, चेहरे उतरलेले, आता धावणं शक्यच नाही अशी प्रत्येकाची खात्री झालेली. यांतलेच कितीतरी जण पुढे सीएसएमटीजवळ शेवटचे दोनशे मीटर चांगले जोरात धावतात. पायांतली ताकद खरोखर संपली असती, तर ही धाव आली कुठून?

सामुएले मार्कोरा हे इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात असताना त्यांनी हाच प्रश्न मोजून पाहिला. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दहा रग्बी खेळाडूंना व्यायामाच्या सायकलवर बसवलं होतं. भार सरासरी 242 वॅट, आणि अट एकच: जमेल तितका वेळ पेडल मारत राहायचं. साधारण दहा मिनिटांत सगळे थकून थांबले. थांबल्याबरोबर, अजिबात विसावा न देता, त्यांना फक्त पाच सेकंद जीव तोडून पेडल मारायला सांगितलं. तेव्हा सरासरी 731 वॅट निघाले! ताजेतवाने असताना याच खेळाडूंनी 1075 वॅट काढले होते, म्हणजे स्नायू दमले होते हे खरंच. पण ज्या 242 वॅटना ते ‘आता होत नाही’ म्हणाले, त्याच्या तिप्पट ताकद त्यांच्या पायांत त्या क्षणीही होती.

मार्कोरा यांचं म्हणणं असं, की माणूस थांबतो तो दोन गोष्टींचा हिशेब करून. हे किती जड जातंय, ही एक. आणि यासाठी मी किती सोसायला तयार आहे, ही दुसरी. पहिलीने दुसरीला गाठलं की आपण थांबतो. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम नोक्स यांची मांडणी थोडी वेगळी आहे. त्यांच्या मते मेंदू शरीराचा रखवालदार असतो आणि धोका यायच्या बराच आधी लगाम खेचतो. दोघांचे मतभेद आहेत, पण सराव करणाऱ्याला दोन्हीकडून एकच कामाची गोष्ट मिळते: कष्ट ‘जाणवणं’ ही स्वतंत्र बाब आहे, ती मोजता येते आणि सरावाने बदलताही येते. म्हणूनच ‘सगळा खेळ जिद्दीचा आहे’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. जिद्द हिशेबाची एकच बाजू सांभाळते. सरावात खरं काम होतं ते दुसऱ्या बाजूवर.

मोजायचं कसं, हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी दाखवून दिलं. त्यांची मोजपट्टी 6 ते 20 अशी आहे. आकडे विचित्र वाटतात, पण कारण साधं आहे: निरोगी तरुण माणसाच्या बाबतीत आकड्याला दहाने गुणलं की साधारण हृदयाचे ठोके मिळतात. 6 म्हणजे काहीच कष्ट नाहीत, 13 म्हणजे जरा जड, 17 म्हणजे फार जड. लाँग रनच्या वेळी दर पाच किलोमीटरला घड्याळ बघायच्या आधी स्वतःशी हा आकडा बोलावा आणि घरी आल्यावर वहीत लिहावा. एकाच पेसला, म्हणजे वेगाला, पाचव्या किलोमीटरला 11, पंधराव्याला 13 आणि पंचविसाव्याला 16 असं काहीतरी दिसू लागतं. काही आठवड्यांनी तोच पेस, तेच अंतर आणि शेवटचा आकडा 14 आला, तर पायांबरोबर जाणीवही बदलली आहे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरच्या घाटात ही सवय फार उपयोगी पडते, कारण चढावर पेसचं गणित पार कोलमडतं. तिथे घड्याळाचं ऐकून धावणारा घाटातच संपतो. जो 14–15 वर आकडा धरून चढतो, त्याच्याकडे उतारासाठी पाय शिल्लक राहतात.

आता हा आकडा खाली कसा आणायचा? सगळ्यांत चांगला तपासलेला उपाय म्हणजे स्वतःशी बोलणं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 24 जणांची थकेपर्यंत सायकल मारण्याची चाचणी घेतली. मग निम्म्यांनी दोन आठवडे स्वतःशी बोलायची वाक्यं ठरवून ती व्यायामात वापरली. दुसऱ्या चाचणीत ते सरासरी 637 सेकंदांवरून 750 सेकंदांवर गेले, म्हणजे सुमारे 18 टक्के जास्त टिकले. उरलेल्यांत फरक पडला नाही. वाक्यं अगदी साधी होती, पण ज्याची त्याने निवडलेली होती, आणि सरावात घोटलेली होती. शर्यतीच्या दिवशी अचानक आठवलेलं प्रेरक वाक्य हे काम करत नाही. मधल्या टप्प्यासाठी शांत, सूचना देणारं वाक्य घ्यावं: ‘खांदे सैल सोड, पावलं छोटी टाक.’ शेवटच्या टप्प्यासाठी ढकलणारं: ‘चल, त्या खांबापर्यंत.’ ही वाक्यं स्वतःला ‘तू’ म्हणून बोलावीत. दहा किलोमीटरच्या सायकल चाचणीत ‘मी’पेक्षा ‘तू’ म्हणून स्वतःशी बोलणाऱ्यांची वेळ चांगली आली होती. आपण तरी दुसऱ्याला धीर देताना असंच बोलतो ना?

हे घोटायला जागाही कंटाळवाणी निवडावी. मरीन ड्राइव्हचा पट्टा साधारण साडेतीन किलोमीटरचा. तीस किलोमीटर करायचे तर तोच समुद्र, तेच कठडे, पुन्हा पुन्हा. त्यातही प्रत्येक फेरीला आपली लावलेली स्कूटर समोर येते. ‘आजच्यापुरतं एवढं पुरे’ हा विचार नेमका तिथे येतो, आणि दर फेरीला त्याची भाषा जास्त समजूतदार होत जाते: उद्या ऑफिस आहे, गुडघा जरा कुरकुरतोय, मागच्या आठवड्यात झोप झाली नव्हती. हा विचार आला हे ओळखायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि पुढच्या वळणापर्यंत जायचं. शर्यतीत जे घडणार आहे त्याचा याहून खरा सराव मला माहीत नाही. कानात गाणी घालून हे सगळं टाळता येतं. छोट्या रनला खुशाल टाळावं, सगळ्या लाँग रनना टाळू नये.

एका बाबतीत मात्र नोकरदार धावपटू स्वतःवर फार अन्याय करतात. मार्कोरा यांच्याच 2009 च्या प्रयोगात 16 जणांनी एकदा 90 मिनिटं लक्ष पणाला लावणारं संगणकावरचं काम केलं आणि एकदा तेवढाच वेळ माहितीपट पाहिले. त्यानंतर सायकल. माहितीपट पाहून ते 754 सेकंद टिकले, डोक्याचं काम करून 640. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत या फरकाचं कारण सापडलं नाही. फरक होता तो जाणवणाऱ्या कष्टांत. ते पहिल्यापासूनच जास्त होते. दिवसभर स्क्रीनसमोर बसून, लोकलची गर्दी सोसून संध्याकाळी वेगाचा सराव करायला उतरलेल्या माणसाला ‘आज पायच उचलत नाहीत’ असं वाटतं ते यामुळे. त्याने स्वतःला आळशी ठरवू नये. जड सराव सकाळी ठेवावा, किंवा त्या संध्याकाळी आकडा धरून सावकाश धावावं. शर्यतीच्या आदल्या दिवशीही डोकं राखून ठेवावं: बिब शर्टाला लावून, कपडे तयार करून, एनर्जी जेल मोजून ठेवायचे आणि फोन बाजूला.

मन सगळं करतं असाही याचा अर्थ नाही. तीस किलोमीटरनंतर ‘वॉल’ लागते, म्हणजे पाय एकाएकी चालेनासे होतात, तेव्हा स्नायूंतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, खरोखर आटत आलेला असतो आणि वाक्यं बोलून ग्लायकोजेन तयार होत नाही. खाणं-पिणं आणि मेंदू यांची गाठ मात्र गमतीची आहे. 2004 साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगात सायकलपटूंना चव नसलेलं कर्बोदकाचं पाणी फक्त तोंडात खळखळून थुंकायला लावलं. पोटात काहीच गेलं नाही, तरी तासाभराच्या चाचणीत कामगिरी सुमारे 3 टक्क्यांनी सुधारली. तोंडाला साखर कळते आणि मेंदू लगाम थोडा सैल सोडतो. त्यामुळे जेल पार कोसळल्यावर घेण्यापेक्षा आधीपासून ठरल्या अंतराने घ्यावं. त्याचा एक फायदा लगेच होतो.

आणि ज्या मनाला आपण ‘अजून थोडं’ शिकवतो, त्यालाच कुठे ऐकायचं हेही शिकवावं लागतं. याबाबतीत मी कुठलीही तडजोड मान्य करणार नाही. कष्ट सगळ्या अंगभर जाणवतात आणि वेग कमी केला की काही मिनिटांत उतरतात. दुखापत एका जागी बोट ठेवून दाखवता येते, दर पावलाला वाढते आणि चाल बदलायला लावते. छातीत दाब, भोवळ, उन्हात अंगावर काटा येणं, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबायचं आणि वैद्यकीय मदत घ्यायची. हे नियम आदल्या रात्री कागदावर लिहावेत, ‘असं झालं तर मी हे करेन’ अशा पद्धतीने, कारण चाळिसाव्या किलोमीटरला नव्याने निर्णय घेण्याच्या स्थितीत डोकं नसतं. त्याच कागदावर बाकीचंही उतरवावं: चढ सुरू झाला की पावलं छोटी, जेल पडलं तर पुढच्या स्टॉलवर इलेक्ट्रोलाइट, पेसर निघून गेला तर त्याच्या मागे न लागता आपला आकडा. कागदाची एक प्रत बरोबर धावणाऱ्या जोडीदाराकडे द्यावी, आणि थांबण्याची लक्षणं त्याला मोठ्याने वाचायला लावावीत.