उघड्यावरची पंगत

'रस्सा मंडळ म्हणजे काय?' असे परगावच्या माणसाने विचारले, की आम्हां कोल्हापूरकरांची मोठी पंचाईत होते. मंडळ म्हणजे गणेशोत्सवाचे, तरुणांचे, फार तर भजनी मंडळ. पण रश्श्याचे मंडळ? गेल्या वर्षी आमच्या वर्गात विदर्भातली एक मुलगी आली. तिला हे समजावून सांगायला मी मोठ्या उत्साहाने बसले आणि सांगता सांगता लक्षात आले, की ज्या गोष्टीविषयी मी इतक्या अभिमानाने बोलते आहे, ती मी स्वतः कधी पाहिलेलीच नाही. मी कळंब्याची. रविवारी सकाळी आमच्या दारावरून पातेली बांधलेल्या मोटारसायकली गारगोटी रस्त्याने कात्यायनीकडे जातात. आमचे आजोबा जात, आण्णा जातात, धाकटा भाऊ आठवीत असल्यापासून जातो. मी मात्र आजवर परत आलेली पातेली तेवढी घासली आहेत. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते काही घरातल्यांना विचारून, काही वाचून आणि काही पातेल्याच्या तळावरून ताडून लिहिले आहे.

रस्सा मंडळाला घटना नाही, नोंदणी नाही, अध्यक्षही बहुधा नसतो. एखाद्या गल्लीतले, तालमीतले किंवा कारखान्यातल्या एका पाळीतले दहापंधरा जण असतात. महिन्यातून एकदा, सहसा रविवारी, वर्गणी काढायची, माणशी पाव किलोच्या हिशेबाने मटण घ्यायचे, आणि गावाबाहेर कुठे तरी झाडाखाली तीन दगडांची चूल मांडायची. कात्यायनीचा परिसर, कळंब्याच्या तळ्याच्या पलीकडचा माळ, नाही तर सभासदांपैकी कुणाचे तरी शेत. आषाढात तर जागा मिळत नाही, कारण पुढे श्रावण असतो आणि त्याची भरपाई आधीच करून ठेवायची असते. ज्यांच्या घरात मटण शिजत नाही असेही काही जण या मंडळांत असतात. त्यांच्यापुरती ही चूल म्हणजे दुसरे घरच.

आचारी बाहेरचा नसतो, ही यातली महत्त्वाची गोष्ट. सभासदांतलाच एक जण त्या कामात मुरलेला असतो आणि त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा. बाकीच्यांनी कांदा चिरायचा, खोबरे भाजायचे, सरपण गोळा करायचे, पाणी आणायचे. जो काहीच करत नाही त्याच्याकडे लसूण सोलणे येते. आमच्या घरी एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मागणारे आण्णा तिथे दोन तास लसूण सोलत बसतात, हे मला भावाने सांगितले तेव्हा आईला इतके हसू आले, की तिने हातातले लाटणे खाली ठेवले.

आता रश्श्याविषयी. पांढरा आणि तांबडा हे दोन वेगळे पदार्थ असले तरी त्यांचे मूळ एकच. मटण आधी आले-लसूण आणि मीठ लावून शिजवतात. हळद बेताची, कारण याच पाण्याचा पुढे पांढरा व्हायचा असतो. मटण शिजून जे पाणी उरते त्याला अळणी म्हणतात. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना हीच अळणी वाटीतून देतात. तिचे दोन भाग करायचे. एका भागात नारळाचे दूध, तीळ, खसखस व काजू यांचे वाटण आणि लवंग, दालचिनी, मिरी. तिखटाची पूड अजिबात नाही. दूध घातल्यावर आच मंद ठेवून सारखे ढवळायचे. जरा जोराची उकळी आली की रस्सा फाटतो आणि आचाऱ्याची महिनाभर चेष्टा होते. दुसऱ्या भागासाठी तेलात भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचे वाटण परतून त्यात चटणी घालायची. आमच्याकडे नुसते 'चटणी' म्हटले की ती कांदा-लसणाची लाल चटणी. उन्हाळ्यात वर्षाची एकदम कांडून आणून बरणीत भरतात. घराघरांत तिचे प्रमाण निराळे असते आणि प्रत्येक घराला आपलेच बरोबर वाटते. मंडळाच्या रश्श्याला मात्र प्रत्येकाच्या घरून थोडी थोडी चटणी येते व ती एकत्र केली जाते. भांडण टाळण्याची ही युक्ती कुणी काढली कोण जाणे, पण मला ती फार शहाणपणाची वाटते.

रस्सा तयार झाला की पंगत. पत्रावळीवर सुके मटण, भाकरी, कांदा, लिंबू आणि पुढ्यात दोन वाट्या. रस्सा कालवून खायचा नंतर, आधी तो वाटीने प्यायचा. आचारी शेवटी जेवतो.

उघड्यावर, चारचौघांत खाण्याची ही हौस फक्त मंडळांपुरती नाही. सगळे शहरच त्या स्वभावाचे आहे. संध्याकाळी गंगावेशीत जा. गवळी म्हशी घेऊन रस्त्याकडेला उभे असतात आणि तुमच्या देखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. म्हैस समोर, गवळी समोर, पिणारा रस्त्यावर. भेसळीचा संशय घ्यायला जागाच नाही. तालमीतून आलेली पोरे, दुकान बंद करून निघालेले व्यापारी, सगळे एकाच कट्ट्यावर. सकाळ असते मिसळीची. कटाचे पातेले उकळत असते आणि लोक रिकाम्या खुर्चीवर डोळा ठेवून जेवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहतात. खासबागेजवळच्या खाऊगल्लीत भेळेच्या गाड्यांभोवती नाटकाआधी आणि नाटकानंतर गर्दी असे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा शहरातल्या कितीकांना नाटकांबरोबर ती भेळही आठवली. आमच्या कळंब्यात पावसाळ्यात तळे भरून सांडव्यावरून पाणी पडू लागले, की ते बघायला शहर लोटते आणि त्यांच्यामागोमाग भाजलेल्या कणसांचे गाडे येतात. हे तळे शहराला पाणी पाजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधले. कणसे खात त्याच्याकडे बघत बसणे हा त्याचा दुसरा उपयोग.

मध्यंतरी लाहोरच्या खाद्यजीवनाविषयी वाचत होते, तेव्हा गंमत वाटली. तिथल्या जुन्या शहराजवळच्या एका भागाचे नाव ग्वालमंडी, म्हणजे गवळ्यांचा बाजार. फाळणीनंतर अमृतसरकडून आलेली कितीतरी कुटुंबे त्या भागात वसली आणि तिथल्या रस्त्याला खाण्याचा रस्ता म्हणून नाव मिळाले. पुढे २००० साली तो रीतसर खाद्यमार्ग म्हणून सजवण्यात आला. २०१२ मध्ये बादशाही मशिदीशेजारी तसाच दुसरा झाला. तिथली निहारी रात्रभर मंद आचेवर ठेवून पहाटे खातात. 'नहार' म्हणजे सकाळ, त्यावरून ते नाव. हाडांतला रस पाण्यात उतरू द्यायचा, घाई करायची नाही आणि मग चारचौघांत बसून ओरपायचे, हे वाचताना मला आमची अळणीच आठवली. ढाब्यावर बाजा टाकलेल्या असतात, एकाच बाजेवर ट्रकवाला आणि मोटारवाला बसतो, असे ते लोक अभिमानाने सांगतात. आपणही कट्ट्याविषयी असेच सांगतो.

पण हे सांगणे कितपत खरे? भिंती नाहीत म्हणून जागा सगळ्यांची होते, असे आपण धरून चालतो. कोल्हापूरच्या माणसाने तरी ते धरून चालू नये. कारण चहाच्या एका कपाचा इतिहास आपल्याच गावात घडला आहे.

गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर त्यांना हे कळले. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना पैसे देऊन स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांनी चहाचे दुकान काढले, 'सत्यसुधारक हॉटेल'. दुकान स्वच्छ, चहा उत्तम, गिऱ्हाईक नाही. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज आपला खडखडा त्या दुकानापुढे थांबवून चहा मागवू लागले. स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही द्यायचे. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारणार कोण? १९१९ मध्ये महाराजांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले, ते सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र त्या हुकमांइतकाच हा रस्त्यावरचा चहा मोठा वाटतो. हुकूम कचेरीत वाचला जातो. चहा भर रस्त्यात, बघणाऱ्यांच्या देखत प्यावा लागतो. पुढे १९५० च्या राज्यघटनेने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे यांत कुणालाही मज्जाव करता येणार नाही असे पंधराव्या कलमात लिहून ठेवले. तरीही महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत वेगळी कपबशी वळचणीला खोचलेली असे, ही गोष्ट दलित आत्मकथनांच्या वाचकांना नवी नाही.

रस्सा मंडळात सगळ्या जातींची माणसे असतात, असे आण्णा म्हणतात. त्यांच्या मंडळात आहेत, हे खरे. पण मंडळ गल्लीचे असते. गल्ली जशी, तसे मंडळ. माझा अनुभव इथे अपुरा आहे, कारण मी ज्या बाजूला आहे ती बाजू कुठल्याच गल्लीच्या मंडळात नाही.

बायका उघड्यावर खात नाहीत असे नाही. भेळेच्या गाडीवर, रंकाळ्याच्या चौपाटीवर मुलाबाळांसह त्या असतातच. पण सकाळी एकटीने मिसळ खायला जाऊन बघा. मालक अतिशय आदराने म्हणतो, 'ताई, आत बसा, फॅमिली रूम आहे.' फॅमिली रूम म्हणजे जिन्याखालची, पंखा नसलेली, पडदा लावलेली जागा. एकट्या मुलीची फॅमिली कशी होते हे व्याकरणात बसत नाही. घरी पंगत बसते तेव्हा वाढणाऱ्यांची पंगत शेवटची, आणि त्यात सुके मटण संपून नुसता रस्सा उरलेला. जत्रेला अडीचशे माणसांचा स्वयंपाक करणारी माझी आत्या मंडळाच्या आचाऱ्याहून सरस आहे, हे आण्णाही कबूल करतात. पण ती कधी चुलीपुढून उठून पहिल्या पंगतीला बसलेली मी पाहिली नाही.

कराचीतल्या काही तरुण मुलींना २०१५ मध्ये हाच प्रश्न पडला होता. रस्त्याकडेच्या ढाब्यावर पुरुष तासन् तास चहा पीत बसतात, मग आपण का नाही? त्या जाऊन बसल्या, चहा मागवला आणि तसे बसलेले आपले फोटो सगळ्यांसमोर ठेवले. 'गर्ल्स अ‍ॅट ढाबाज' असे नाव त्यांनी घेतले आणि इतर शहरांतल्या मुलींनीही तसे फोटो पाठवले. मोर्चा नाही, घोषणा नाही. नुसते चहा पिणे. कराची १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होती, तेव्हा या मुली तशा फार लांबच्याही नव्हेत.

हे वाचून मी आण्णांना म्हटले, 'मला रश्श्याला न्या.'

'बाईमाणसं कुठं रश्श्याला येत्यात काय?' आण्णा म्हणाले. मग जरा थांबून, 'तिथं कुणी बाटली आणतंय, कुणी काय बोलतंय. तुला बरं दिसंल का?'

कारण खोटे नव्हते. काही मंडळांत बाटली येते. पण बाटली येते म्हणून बाटलीला बंदी होत नाही, आम्हांला होते. मी म्हटले, 'मग आमचं आम्ही करतो. पातेलं तेवढं द्या.' यावर त्यांना लगेच उत्तर सुचले नाही. चार दिवसांनी आईने मधे पडून एवढे ठरवले, की आमच्याच शेतात करायचे, अंधारापूर्वी परतायचे आणि आण्णा बांधावर बसून राहतील, जवळ येणार नाहीत.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही वर्गातल्या सहा जणी तळ्यापलीकडच्या शेतात जमलो. आत्यालाही आणले, आणि तिला काम करू द्यायचे नाही असे आधीच ठरवले होते. ते तिला फार जड गेले. सहा घरांतली चटणी एकत्र केली. चूल पेटायला पाऊण तास लागला. मटण चांगले शिजले, तांबडा तर उत्तम झाला. पांढऱ्यात दूध ओतले आणि सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या. ढवळायचे कुणी, हे ठरलेलेच नव्हते. तेवढ्यात उकळी आली आणि रस्सा फाटला. आत्या डोळे मिटून बसली होती. तिने वासावरून ओळखले, पण शब्द काढला नाही.

पहिल्या पंगतीला आत्याला मधे बसवले. फाटलेला पांढरा आम्ही तसाच प्यायलो. चवीला बरा होता. आण्णा बांधावरून हलले नव्हते, म्हणून भावाच्या हाती दोन वाट्या पाठवल्या. पांढऱ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. मग दोन्ही वाट्या रिकाम्या करून परत पाठवल्या आणि निरोप दिला, की तांबडा आणखी असेल तर बघा.

मंडळाची एक जुनी वही आहे. कुणी कोणते भांडे नेले, कधी परत केले, हे त्यात लिहितात. पातेले नीट घासून मी परत दिले, तेव्हा आण्णांनी ती वही काढली. आमच्या नावाची ओळ आधीच लिहिलेली होती : 'कळंबा, मुली सहा व बहीण. पातेले एक, डाव दोन.' पातेल्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली. डाव एकच परत आला होता. दुसरा शेतातच राहिला असावा. पुढच्या रविवारी जाऊन शोधायचा आहे.