घरबसल्या काम आणि पापडाच्या पिठाचा गोळा

आज विषय आपल्यासारख्यांचा आहे, म्हणजे घरी बसून स्वतःचं काम करणाऱ्यांचा. ज्यांना साहेब नाही, हजेरीपट नाही आणि म्हणून सुट्टीही नाही.

मी चंदीगडमधल्या मनीमाजऱ्यात राहते. यजमानांची नोकरी जवळच, चंडीमंदिरला. मी घरून मराठी भाषांतराची कामं करते. चंदीगड म्हटलं की आखीव सेक्टर आठवतात. राहायची जागा वेगळी आणि कामाची वेगळी, असंच ते शहर आखलेलं आहे. मनीमाजरा मात्र त्याच्या आधीचं गाव. आता कागदावर ते सेक्टर १३ झालंय, पण जुन्या बाजारात अजून खाली दुकान आणि वर घर. आमच्या खालीही गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मालक वरच राहतात, तेही एका अर्थाने घरूनच काम करतात. पण रात्री आठला शटर धाडकन खाली येतं आणि अंकलजी जेवायला बसतात. माझं शटर कुठे होतं? लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरच असायचा. कुकर लावताना ग्राहकाला उत्तर, मुलीचा अभ्यास घेताना एक डोळा फोनवर. ‘नाही’ म्हटलं तर ग्राहक जाईल ही भीती, म्हणून रविवारीही काम.

गेल्या जूनमध्ये उजवा खांदा आखडला. फळीवरचा डबा काढता येईना, माउस धरता येईना. तीन आठवडे व्यायाम आणि शेक. त्या तीन आठवड्यांत माझी कमाई होती शून्य. नोकरीत असते तर आजारपणाची रजा टाकली असती. इथे रजा द्यायची कुणी?

तेव्हा रिकामी बसून मी लिज्जतचा विचार करत होते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं, हे तुम्हाला माहीत असेल. मला महत्त्वाची वाटते ती कामाची रीत. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ वजन करून न्यायचं, घरी पापड लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी ते देऊन मजुरी घ्यायची आणि नवं पीठ न्यायचं. ज्यांच्या घरी पापड वाळवायला जागा नाही, त्यांना पीठ मळण्याचं किंवा पॅकिंगचं काम. म्हणजे काम घरात येतं ते मोजून. गोळा संपला की पोळपाट धुवून ठेवायचा. आपल्याकडे येणाऱ्या कामाला असं वजनच नसतं, ते नळासारखं वाहत राहतं. घड्याळ लावून मी तीनदा प्रयत्न केला होता. जमलं नाही, कारण घरात तासांचे तुकडे पडतात. मोजलेला गोळा मात्र तुकड्यातुकड्यांत लाटला तरी चालतो.

पण नुसतं मोजून भागत नाही, हे सोलापूरच्या विडी कामगार बायका सांगतील. त्याही घरीच वळतात, त्याही मोजून. दर तुटपुंजा असेल तर मोजलेल्या कामातही रात्र जाते. त्यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला. घरी विड्या वळणारीही त्यात कामगार धरली गेली आणि प्रौढ कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा ठरली. प्रत्यक्षात ती कितीजणींना मिळाली हा वेगळा, कडू विषय आहे. मी तो नियम मात्र उचलला. मीच मालक, मीच कामगार, मग रजेचे पैसे माझ्या दरातच हवेत.

आता हिशेब बघा, वही घ्या हवं तर. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातले ५२ रविवार वजा, उरले ३१३. विसांमागे एक याप्रमाणे आजारपणाचे १५ काढा, २९८. सण आणि गावी जाणं मिळून १८, राहिले २८०. शिवाय बिलं करणं, दर कळवणं, थकलेल्या पैशांसाठी फोन करणं हेही काम आहे, फक्त त्याचे पैसे मिळत नाहीत. त्याचे ५० दिवस धरा. उरले २३०. घराला महिना ३०,००० रुपये लागत असतील तर वर्षाचे ३,६०,०००. मी तीस दिवसांनी भागून रोजचे १,००० धरत होते. २३० ने भागलं तर येतात सुमारे १,५६५! यात वीज, इंटरनेट, लॅपटॉपची झीज धरलेली नाही. म्हणजे इतकी वर्षं मी रविवार विकूनच ते १,००० भरून काढत होते.

आता माझा रोजचा गोळा १,८०० शब्दांचा आहे. आदल्या संध्याकाळी तेवढाच मजकूर वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवते. तो संपला की लॅपटॉप कपाटात. लवकर संपला तरी उद्याचं पीठ आज उघडायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. घाईचं काम आलं तर दीडपट दर, आणि तो आधीच सांगायचा.

नवा दर कळवल्यावर तीन ग्राहक गेले. चार महिने ओढाताण झाली, त्यात यजमानांच्या पगाराचा आधार होता हे लपवत नाही. एकटीच्या कमाईवर घर असेल तर सगळ्यांचा दर एकदम वाढवू नका. आधी फक्त नव्या ग्राहकाला नवा दर सांगा, जुन्यांना पुढच्या आर्थिक वर्षापासून. गेलेल्यांपैकी एकजण दिवाळीनंतर परत आला. त्याला शनिवारी रात्री उत्तर हवं होतं, मी सोमवारी सकाळी दिलं.