गर्भवतीची त्वचा आणि सौम्य आम्ले

गर्भारपणात पुष्कळ स्त्रियांच्या गालांवर व कपाळावर वांगाचे काळसर डाग उमटतात. कित्येकींना पुरळही येते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, 'बाळंतपण झाले की जाईल, आता तोंडाला काही फासू नकोस.' शेजारीण मात्र एखाद्या मलमाची डबी हळूच हाती देते. या दोन सल्ल्यांत ती गोंधळून जाते. तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्वचेचा व्यवहार पाहू. तिच्या खालच्या थरात नव्या पेशी सतत जन्मतात, वर सरकतात, वाटेत मरतात आणि काही आठवड्यांनी गळून पडतात. या मृत पेशी एकमेकींना सूक्ष्म बंधांनी धरून असतात. उटणे किंवा मसुराचे पीठ चोळून आपण त्या काढतो. काही आम्ले तेच काम, न घासता, बंध सैल करून करतात. यांतले दुग्धाम्ल शेले या रसायनज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळे केले. ग्लायकॉलिक आम्ल उसात असते. या वर्गातील आम्लांनी खवल्यांसारखी झालेली त्वचा मऊ होते, असे व्हॅन स्कॉट आणि यू या अमेरिकन संशोधकांनी १९७४ साली दाखविले. गहू, बार्ली यांत सापडणारे अ‍ॅझेलेइक आम्ल पुरळ व डाग या दोहोंवर उपयोगी पडते.

मग गर्भाला यांपासून धोका किती? त्वचेवर लावलेल्या या सौम्य आम्लांपैकी रक्तात फारच थोडे पोचते. शिवाय दुग्धाम्ल आपल्या शरीरात नित्य तयार होते, आणि अ‍ॅझेलेइक आम्ल रोजच्या अन्नातूनही पोटात जाते. म्हणून अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संस्था पुरळावर ग्लायकॉलिक व अ‍ॅझेलेइक आम्ले गर्भारपणीही वापरण्याजोगी मानते. सॅलिसिलिक आम्ल मात्र अ‍ॅस्पिरिनचे भावंड. दोन टक्क्यांपर्यंतचे, चेहऱ्यापुरते, चालते. अंगभर वा दाट लेपाने नको.

परंतु 'त्वचेला लावायचे तर आहे' म्हणून सर्वच औषधे निरुपद्रवी मानणे चूक होय. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड १९६१ च्या अखेरीस मागे घेण्यात आले, तोवर हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली होती. मुरुमांवर पोटातून घ्यावयाचे आयसोट्रेटिनॉइन गर्भाला विकृती आणते, हेही सिद्ध झाले आहे. म्हणून त्याच्या कुळातली ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन ही मलमेसुद्धा या काळात वर्ज्य मानावीत. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्याच प्रमाणात शोषले जाते, तेही थांबवावे. सर्वांत भय आहे ते गोरेपणाच्या बिननावाच्या डब्यांचे. त्यांत पारा असू शकतो, आणि पारा आईच्या रक्तातून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचतो. वांगावर उपाय म्हणून ही डबी घेणे म्हणजे डाग घालविण्यासाठी बाळाला पणाला लावणे.

व्यवहारात काय करावे? आम्लाचे प्रमाण बाटलीवर लिहिलेले असावे, आणि ते दहा टक्क्यांच्या आत असावे. आधी हाताच्या आतल्या बाजूस लावून एक-दोन दिवस पाहावे. मग आठवड्यातून दोनदा, रात्री, थोडेसे लावावे. आग झाली तर धुऊन टाकावे. या आम्लांनी त्वचा उन्हाला हळवी होते, आणि ऊन हेच वांगाचे मुख्य खाद्य. म्हणून दिवसा पदर, छत्री वा उन्हापासून राखणारे मलम हवेच. लिंबू चोळणे हा काही याला पर्याय नव्हे; त्याचे आम्ल तीव्र असून त्वचा भाजते. सौंदर्यप्रसाधनगृहातील कडक लेप प्रसूतीनंतरसाठी ठेवावेत. आणि बाटली एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवावी. यात संकोचण्यासारखे काही नाही.

वांग बहुधा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिके पडते. तोवर थोडी निगा राखावीशी वाटली, तर त्यात अपराध नाही. वडीलधाऱ्यांची सावधगिरी आणि सुनेची हौस या दोहोंचा मेळ बसतो. फक्त डबीवर काय लिहिले आहे, ते वाचण्याची सवय लावून घेतली पाहिजे.