जसे दिले तसे परत

गेल्या मार्चअखेरीस, महापे येथील ज्या कचेरीशी सल्लागार या नात्याने माझा अद्याप थोडाबहुत संबंध उरला आहे, तिच्या हिशेबनीसाने नूतनीकरणास आलेल्या संगणकीय परवान्यांची यादी माझ्याकडे नजरेखालून घालण्यासाठी पाठविली, आणि तीत संकेतस्थळांची पाने घडविण्याच्या ड्रीमवीव्हर या कार्यक्रमाच्या नावावर तांबडी रेघ मारून समोर 'वापर नाही, बंद करणे' असा शेरा लिहिलेला आढळला. शेरा वस्तुस्थितीला धरून होता. त्या कचेरीत तो कार्यक्रम उघडणारे कोणी राहिले नव्हते, आणि ॲडोबीनेही २०२१ च्या आवृत्तीनंतर त्यात नाव घेण्यासारखी भर घातलेली नाही. परंतु ज्या तरुण अधिकाऱ्याने तो शेरा मारला, त्याने 'असल्या संपादकांनी कोड नासवण्यापलीकडे केलं काय?' अशी जी तोंडी पुरवणी जोडली ती मला झोंबली. कोड नासविण्याचे प्रकार मी त्याला त्याच्या कल्पनेपेक्षा अधिक सांगू शकेन, आणि तरीही त्याचा निकाल एकतर्फी आहे असे माझे मत आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुले केले. तेव्हापासूनची तीनचार वर्षे नोटपॅडची होत आणि त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. नोटपॅडात दोष नव्हता, कारण त्यात काहीच नव्हते. १९९९ ते २००९ हे दशक मात्र वेगळे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील रासायनिक कारखान्यांची धुराडी एकेक करून थंडावत होती, महाप्याला मिलेनियम बिझनेस पार्कच्या इमारती उठत होत्या, वाशी स्थानकाच्या माथ्यावरील सिडकोच्या संकुलात संगणक कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, आणि तुर्भ्याच्या बाजारातील व्यापाऱ्यापासून नेरूळच्या गणेशोत्सव मंडळापर्यंत प्रत्येकाला आपले एक संकेतस्थळ असावे अशी एकाएकी निकड भासू लागली होती. ही पाने आम्ही ज्या हत्यारांनी घडविली त्यांची पारख मी त्या काळी एकाच कसोटीवर करीत असे आणि आजही करतो: पान उघडावे, कशालाही हात न लावता सेव्ह करावे, आणि काय परत मिळते ते पाहावे. सावकाराकडे ठेवलेल्या अमानतीचा जो नियम तोच येथे. जसे दिले तसे परत मिळाले पाहिजे, व्याजाची अपेक्षा नाही.

या कसोटीवर फ्रंटपेज सपशेल नापास झाले. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीचे हे अपत्य मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या जानेवारीत विकत घेतले, आणि त्या पूर्वाश्रमीची साक्ष म्हणून 'व्ही.टी.आय.' या आद्याक्षरांची फोल्डरे ते प्रत्येक संकेतस्थळाच्या पोटात अखेरपर्यंत पेरीत राहिले. १९९८ च्या आवृत्तीत हाताने लिहिलेले पान उघडून मिटविले की परिच्छेदांची मांडणी विस्कटे, टॅगांची अक्षरे लहानमोठी होत, आणि त्याला अनोळखी वाटलेल्या गोष्टी वाटेतच बेदखल होत. मूळ कोडाला धक्का लावणार नाही असे अभिवचन २००० च्या आवृत्तीने दिले आणि ते बऱ्याच अंशी पाळलेही; पण तोवर आमच्यासारख्यांची मने विटली होती. शिवाय अभ्यागतांची संख्या दाखविणारा आकडा असो वा तक्रारीचा अर्ज असो, या कार्यक्रमाच्या तयार सोयी, सर्व्हरवर त्याच कंपनीची विस्तारके बसविलेली असतील तरच चालत. ती नसली म्हणजे गिऱ्हाईक आमच्या नावाने खडे फोडी. असे असूनही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. विंडोज ९८ बरोबर याची एक्स्प्रेस नावाची लहान आवृत्ती फुकट येत असे, आणि जिला टॅग म्हणजे काय हे ठाऊक नव्हते अशी एखादी शाळामास्तरीण सायबर कॅफेत बसून तिच्यावर शाळेच्या निकालाचे पान दोन तासांत उभे करी. हा अधिकार सामान्य माणसाला त्यापूर्वी क्वचितच मिळाला होता.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर कोडाऐवजी पानच समोर दाखविणाऱ्या या दृश्य संपादकांचे उपकार आज कोणी स्मरतही नाही. तेव्हा युनिकोड व्यवहारात उतरले नव्हते. विंडोज २००० मध्ये मंगल हा टंक आला तरी बहुतेक गिऱ्हाइकांची यंत्रे जुनीच होती, आणि प्रत्येक टंकाने देवनागरी अक्षरे रोमन खुणांच्या जागी आपल्या मर्जीप्रमाणे बसविलेली होती. कृतिदेव या टंकात 'ढ' ज्या जागी बसविला होता ती जागा टॅग उघडणाऱ्या कोनी कंसाची, आणि 'झ' ची जागा टॅग मिटविणाऱ्या कंसाची. परिणाम असा की, मंडळाच्या मिरवणुकीचा कार्यक्रम नोटपॅडात उतरविला की 'ढोल' या शब्दापासून पुढे जो पहिला 'झ' येईल तेथपर्यंतचा, किंवा तो न आल्यास परिच्छेद संपेपर्यंतचा, सारा मजकूर ब्राउझर एखादा अनोळखी टॅग समजून गिळून टाकी. ढोलाबरोबर ताशा, लेझीम आणि प्रमुख पाहुणेही अंतर्धान पावत. तोच मजकूर दृश्य संपादकात चिकटविला असता तो त्या खुणेचे योग्य सांकेतिक रूप आपण होऊन लिही आणि ढोल वाजू लागे. हे श्रेय फ्रंटपेजलाही दिले पाहिजे.

आज ॲडोबीचे असलेले ड्रीमवीव्हर मूळ मॅक्रोमीडियाने डिसेंबर १९९७ मध्ये आणले आणि तुमच्या कोडाला आम्ही हात लावणार नाही ही प्रतिज्ञाच त्याची जाहिरात होती. ती त्याने पाळली. हाताने लिहिलेला ओबडधोबड कोड त्यात उघडून मिटविला तरी त्यातील मोकळ्या ओळीसुद्धा जागच्या जागी राहत. चौथ्या आवृत्तीपासून वर कोड आणि खाली पान असे दोन्ही एकाच पटलावर दिसू लागले. खाली एखादा शब्द निवडला की वर त्याचा टॅग उजळे, आणि माझ्या हाताखाली तयार झालेल्या कित्येक मुलांनी एच.टी.एम.एल. पुस्तकातून न शिकता त्या दोन खिडक्यांतून शिकून घेतले. संपादकाचे अध्यापनमूल्य हा गुण परीक्षणांत क्वचितच मोजला जाई. टेम्प्लेटची तजवीजही अशीच विचारपूर्वक केलेली: कोणते भाग बदलण्याची मुभा आणि कोणते कुलूपबंद हे एकदा ठरविले म्हणजे नवख्या कारकुनाच्या हाती पान निर्धास्त सोपविता येई.

दोषही दणदणीत होते. त्याच चौथ्या आवृत्तीतील 'लेआउट व्ह्यू' ही सोय मोहक, पण घातक. पानावर माउसने चौकट ओढावी आणि त्याने मागच्या मागे टेबलात टेबल रचून, रुंदी राखण्यासाठी शेवटच्या ओळीत अदृश्य चित्रांची रांग बसवावी; मग कोणी एक स्तंभ तसूभर सरकविला की साऱ्या स्तंभांचे आकडे बदलत आणि ते पान पुन्हा हाताने दुरुस्त करणे कोणाच्याही आवाक्यात राहत नसे. चित्रावर माउस नेला असता रंग बदलावा एवढ्या कामासाठी 'एम.एम.' या आद्याक्षरांची लांबलचक फंक्शने प्रत्येक पानाच्या शिरोभागी कोंबली जात. फाइल ताब्यात घेण्याची पद्धतही अशीच दुधारी: एकाने घेतलेल्या फाइलपुढे इतरांना त्याच्या नावासह तांबडी खूण दिसे, त्यामुळे दोघांनी एकमेकांचे काम पुसून टाकण्याचा धोका टळे खरा, पण पनवेलचा एक सहकारी मुखपृष्ठ ताब्यात ठेवूनच गौरीगणपतीसाठी गावी गेला, आणि गिऱ्हाइकाचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या परतण्यापर्यंत चुकीचाच राहतो की काय अशी वेळ आली. कुलूप मोडण्याची वाट होती. तिला आमच्या व्यवस्थापकांची मंजुरी नव्हती, आणि मंजुरी का नव्हती हे त्यांनाही सांगता येत नव्हते.

युनिकोड आले तेव्हा सर्वांचीच परीक्षा झाली. पानाची अक्षरसंहिता पाश्चात्त्य ठरलेली असेल तर जुने दृश्य संपादक 'म' लिहिल्यावर कोडात त्याचा क्रमांक, २३५०, लिहून ठेवीत. पान दिसे व्यवस्थित, पण त्यातील शब्द कोडात शोधणे अशक्य. ड्रीमवीव्हरच्या एम.एक्स. २००४ या आवृत्तीने युनिकोड पूर्णपणे स्वीकारले तेव्हा मी मनोमन निःश्वास टाकला. बिचाऱ्या नोटपॅडने मात्र प्रथमच दोष मिळविला: युटीएफ-आठ म्हणून सेव्ह करताना फाइलच्या आरंभी ते एक अदृश्य खूण घाली, आणि संहिता चुकीची समजणाऱ्या ब्राउझरात पानाच्या माथ्यावर दोन टिंबांचा आय, दुहेरी कोनी अवतरण आणि उलटे प्रश्नचिन्ह अशी तीन परकी अक्षरे उमटत. ही खोड मोडायला मायक्रोसॉफ्टला २०१९ साल उजाडावे लागले.

त्या दशकातील आमची बहुतेक मराठी पाने आज वाचता येत नाहीत. पान उघडताच टंक आपोआप उतरावा म्हणून आम्ही एक्स्प्लोररसाठी एक आणि नेटस्केपसाठी दुसरी अशा दोन टंकफाइली जोडीत असू. नेटस्केप गेले, २०२२ साली एक्स्प्लोररही निवृत्त झाला, आणि त्या पानांवर आता रोमन खुणांचा निरर्थक चिखल तेवढा दिसतो. संपादकांकडे याचा दोष जात नाही. त्यांनी कोड दिला तसा परत केला. तो कोडच पुढे अनाथ झाला.

२००९ नंतरची कथा थोडक्यात. फ्रंटपेज २००६ मध्ये बंद झाले होते, कोड लिहिणाऱ्यांचा जिवलग होमसाइट २००९ मध्ये गेला, ॲडोबीने स्वतःच काढलेला ब्रॅकेट्स २०२१ मध्ये स्वतःच सोडून दिला, आणि मधल्या काळात सामान्य माणूस भाड्याच्या पॅनेलांवर जाऊन बसला, जेथे पान दिसते पण ते उचलून घरी नेता येत नाही. त्या तरुण अधिकाऱ्याचा सध्याचा लाडका कृत्रिम बुद्धीचा मदतनीस तर सभेची एक तारीख बदलण्यास सांगितले असता अनेकदा आख्खे पान नव्याने लिहून देतो, आणि त्या भरात काय गळाले हे रुजुवात घेतल्याखेरीज कळत नाही. फ्रंटपेज ९८ ला ज्या अपराधासाठी आम्ही बरखास्त केले, त्याच अपराधाची आता प्रगती म्हणून वर्गणी भरली जाते.

मी स्वतः हल्ली व्ही.एस. कोड वापरतो. तो वेगवान आहे, फुकट आहे, आणि माझ्या कसोटीला बहुतांशी उतरतो. पण 'अधिकाऱ्यांची' या शब्दातील अर्धा र जुन्या टंकलेखकांनी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण अशा रीतीने साधलेला असतो, आणि अदृश्य खुणांआडून कोडात घातपात होतो म्हणून २०२१ पासून हा संपादक तिच्याभोवती पिवळी चौकट काढून तिला संशयितांत बसवितो. ही खूण निर्दोष असल्याची नोंद सेटिंगमध्ये करता येते.  घणसोलीच्या ज्या मुलाने ती केली नव्हती, त्याने गेल्या महिन्यात चौकटी डोळ्यांत खुपतात म्हणून त्या सगळ्या खुणा एका फटक्यात शोधून पुसून टाकल्या, आणि आता एका संस्थेच्या पानावर 'अधिकार्यांची यादी' आणि 'कर्मचार्यांची यादी' असे ठळक मथळे झळकत आहेत; संस्थेची अद्याप तक्रार आलेली नाही.