२.५ मीटर आणि १.७५ मीटर मिळून किती? कापड घेताना इथेच चूक होते

पडद्यांसाठी कापड घ्यायचंय. एका खिडकीला २.५ मीटर लागतं, दुसरीला १.७५ मीटर. एकूण किती?

घाईत ५ आणि ७५ मिळून ८० होतात आणि आपण ३.८० मीटर मागतो. घरी आल्यावर कळतं, कापड ४५ सेंटीमीटर कमी आहे! कापलेलं कापड दुकानदार सहसा परत घेत नाही.

नेमकं चुकलं कुठे?

दशांश चिन्हानंतरचं पहिलं घर १०-१० सेंटीमीटरचं असतं, दुसरं १-१ सेंटीमीटरचं. म्हणून २.५ मधला ५ म्हणजे ५ नव्हे, ५० सेंटीमीटर.

बेरीज अशी करा

२.५ च्या शेवटी शून्य लावा आणि दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह येईल असं मांडा:

२.५०
+ १.७५
= ४.२५ मीटर

टेपवर २ मीटर ५ सेंटीमीटर भरलं, तर मात्र २.०५ लिहा.

उत्तर पडताळायचंय? आजीसारखा तोंडी हिशेब करा: अडीच आणि पावणेदोन, सव्वाचार! जुळलं की मगच कात्री लावायला सांगा.