चाळणी तपासणी : लाभहानीचा हिशेब वर्गात शिकवावा

कोणतेही लक्षण नसलेल्या माणसांमध्ये रोगाचा शोध घेण्यासाठी केलेली तपासणी म्हणजे चाळणी तपासणी, अर्थात स्क्रीनिंग. रोग लवकर सापडला की जीव वाचतो, असे आपण मुलांना शिकवतो. हे पुष्कळदा खरे असते, परंतु नेहमीच नव्हे. ते कोठे खरे ठरते हे ओळखण्याची रीत विद्यार्थ्यांना द्यावयास हवी, असे आम्हांस वाटते. त्यासाठी शालेय गणित पुरेसे आहे.

शिक्षकांनी फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडावे. १००० माणसांपैकी १० जणांना एक रोग आहे. चाचणी ९० टक्के रुग्णांना ओळखते; मात्र ९ टक्के निरोगी माणसांनाही ती चुकून रोगी ठरवते. मग अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या व्यक्तीला खरोखर रोग असण्याची शक्यता किती? पुष्कळ जण ९० टक्के असे उत्तर देतील. आता हिशेब करू या. १० रुग्णांपैकी ९ सापडले, एक निसटला. ९९० निरोगी माणसांपैकी सुमारे ८९ जणही जाळ्यात आले. म्हणजे ९८ पॉझिटिव्ह अहवालांत खरे रुग्ण केवळ ९! उरलेल्या ८९ जणांच्या वाट्याला आली ती धास्ती, पुढील तपासण्या आणि खर्च.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे : सापडलेला रोग त्या माणसाला खरोखर अपाय करणार होता काय? दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोग-तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाबरोबर अनेकांनी अल्प शुल्कात थायरॉइडची सोनोग्राफीही करून घेतली. २०११ साली तेथे थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले होते. मृत्यूचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. ज्या सूक्ष्म गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता, त्यांसाठी हजारो लोकांनी ग्रंथी काढून घेतली. त्यांपैकी अनेकांना आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागल्या. काहींच्या स्वरतंतूंना इजा झाली.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्मे होते. कारण या रोगाची पूर्वावस्था अनेक वर्षे टिकते आणि त्या काळात साध्या उपचाराने ती दूर करता येते.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की मुद्दा स्पष्ट होतो. किती रोग सापडले हे तपासणीचे यश नव्हे. किती मृत्यू आणि किती यातना टळल्या, हे खरे यश. म्हणून विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावयास शिकावे : हा रोग माझ्या वयात किती जणांना होतो? चाचणी किती वेळा चुकते? रोग सापडल्यास परिणामकारक उपचार आहे काय? तपासणीमुळे मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आहे काय?

एक सावधगिरी मात्र हवी. शरीरात गाठ, रक्तस्राव किंवा अन्य लक्षण दिसत असेल, तर ती तपासणी चाळणी नव्हे. तेथे विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. अनेक घरांत वैद्यकीय अहवाल प्रथम मुलेच वाचतात. त्यांना हा हिशेब येत असेल, तर ते घर अकारण भीतीपासून वाचेल आणि आवश्यक तपासणीही टाळणार नाही.