सायलेन्सरचा रंग बंदुकीला कशाला?

पनवेलच्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकीच्या नळीवरचा रंग उडाला म्हणून सांगा, उत्तर ठरलेलं असतं: ‘सायलेन्सरचा हीटप्रूफ काळा न्या. आगीत टिकतो, तो कुठेही टिकेल.’ शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरीही एकमेकांना हाच सल्ला देतात. मग दोन महिन्यांनी तेलाच्या फडक्याबरोबर काळा रंग हाताला लागतो. हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते, कारण खरी माहिती बहुतेक डब्यांच्या पाठीवरच छापलेली असते.

या रंगातली राळ सिलिकोनची असते. हवेत ती नुसती सुकते. पक्की व्हायला तिला साधारण २०० अंश सेल्सिअसची धग काही वेळ लागते. मोटरसायकलचा सायलेन्सर ती धग रोज देतो. रानडुकरं हुसकावायला वर्षाकाठी चार बार काढणाऱ्या बंदुकीची नळी जेमतेम कोमट होते. त्यामुळे रंग कायमचा कच्चा राहतो. नख लागलं की ओरखडा, पेट्रोल लागलं की चिकट. उष्णता सोसणं वेगळं, घासणी आणि तेल सोसणं वेगळं.

‘मग भट्टीत भाजून घेऊ’ हे तर त्याहून घातक. बऱ्याच दुनळी बंदुकांच्या नळ्या आणि मधली पट्टी कथिल-शिशाच्या सोल्डरने झाळलेली असते. ६३ भाग कथिल आणि ३७ भाग शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. म्हणजे रंग पिकायच्या आधीच सांधा सुटेल. कृपा करून हे करू नका.

टिकाऊपणा डब्यावरच्या नावापेक्षा लोखंडाच्या तयारीवर जास्त ठरतो. बंदुकीचा मूळचा निळसर काळा थर, ज्याला ब्लूइंग म्हणतात, हा रंग नसतोच. तो लोखंडाचाच काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट. तो अतिशय पातळ असतो आणि तेलाविना गंज फारसा अडवत नाही. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये गंजाचे अभ्यासक व्हर्नन यांनी प्रयोगांतून दाखवलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडाचा गंज एकदम वेग घेतो. खाडीकाठच्या पनवेलमध्ये पावसाळाभर हवा त्याच्या कितीतरी वर असते, आणि त्यात मीठही असतं. गंजावरच रंग मारला तर खाली गंज फुगत राहतो आणि रंगाला पोपडे येतात.

म्हणून बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून गंज ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा, मग अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर तिथे उघडं बोट लावू नका. छोट्या डागासाठी मी दोन घटकांचा इपॉक्सी स्प्रे सुचवतो. तळाची कळ दाबली की आतला हार्डनर मिसळतो. मग डब्यावर लिहिलेल्या मुदतीत तो संपवावा लागतो. पातळ हात द्या, आणि आठवडाभर तेल लावू नका. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन स्प्रेत आयसोसायनेट असतं, त्याला साधा कापडी मास्क पुरत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जाड थर जास्त टिकतो? उलट तो आत ओला राहतो, ओघळतो आणि टवका उडतो. तेलाचा हात देऊन मग रंग? धरणारच नाही. चामड्याच्या म्यानात बंदूक सुरक्षित राहते? चामडं ओल धरून ठेवतं. महिनोन्‌महिने ठेवलेली बंदूक त्यातच गंजते. नळीच्या आत, काडतूस बसतं तिथे किंवा घोड्याच्या यंत्रणेत रंग? अजिबात नाही.

शस्त्रावरचा नंबर मात्र मास्किंग टेपने झाकूनच रंगवा. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ८ नुसार ओळखखूण पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, आणि रंगाखाली बुजलेल्या नंबरावरून प्रश्न विचारले जाणारच. कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो, तेव्हा बंदूक गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजात ठेवून येऊ नका.

आणि हे काम जुलैत काढू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि रंग पांढुरका पडतो. पोलाद दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम असावं, हा औद्योगिक रंगकामातला रूढ नियम. पनवेलमध्ये तो डिसेंबर-जानेवारीत, उन्हं चढल्यावर, सहज पाळता येतो.